सेंटर स्पीकरवर कंजुषी नको

होम थिएटरसाठी ५.१ सेट (पाच स्पीकर आणि खालच्या बासचा एक सबवूफर) घ्यावा की ७.१ (त्यात मागे आणखी एक जोडी), हा प्रश्न पडतोच, पण सोफा मागच्या भिंतीला चिकटून असेल तर ७.१ च्या नादाला लागूच नका, मागच्या जोडीला जागाच उरत नाही. ५.१ मधले सराउंड (आजूबाजूचे आवाज देणारे दोन स्पीकर) बाजूला, किंचित मागे, समोरच्या दिशेपासून साधारण ११० अंशांवर आणि कानाच्या जरा वर लावले की झालं. वाचलेले पैसे सेंटर स्पीकरमध्ये (टीव्हीजवळचा मधला) घाला, सिनेमातले बहुतेक संवाद तिथूनच येतात. माझ्या पहिल्या सेटचा सेंटर एवढुसा होता, त्यामुळे बोलणं ऐकू यावं म्हणून आवाज वाढवायचा आणि मारामारी सुरू झाली की रिमोट शोधत धावायचं, असं दोन वर्षं काढली (बायको अजून टोमणे मारते).

सबवूफरची जागा शोधायला तो चक्क सोफ्यावर ठेवा, भरपूर बास असलेलं गाणं लावा आणि भिंतीच्या कडेकडेने रांगत फिरा, जिथे बास न घुमता स्वच्छ ऐकू येईल तिथे तो ठेवायचा. हसू येईल, पण चालतं. क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचा आवाज सबवूफरकडे जातो ती मर्यादा) ८० हर्ट्झपासून सुरू करून बघा. आणि हो, टीव्ही आणि रिसीव्हर (स्पीकर चालवणारा डबा) दोन्हीत ईआर्क, म्हणजे टीव्हीचा आवाज एचडीएमआय केबलने रिसीव्हरकडे पाठवायची सोय, आहे ना बघा, ऑप्टिकल केबलमधून डॉल्बीचा पूर्ण दर्जाचा सराउंड आवाज, म्हणजे ट्रूएचडीवालं अ‍ॅटमॉस जात नाही.