दादाबमधली बलात्काराची प्रकरणं ज्येष्ठांच्या बैठकीत मिटवू द्यावीत का?

रानजाई
सोमालियात यादवी पेटल्यावर १९९१ पासून माणसं सीमा ओलांडून केनियातल्या दादाबला येत राहिली. इफो, दगाहले, हगादेरा या छावण्यांत एक अख्खी पिढी वाढली. सरपणाला गेलेल्या बायकांवर बलात्कार होतात, हे ह्यूमन राइट्स वॉचने १९९३ सालीच जगापुढे मांडलं होतं. तरी आजही अनेक प्रकरणं 'मसलहा'त मिटतात. दोन्हीकडचे ज्येष्ठ पुरुष बसतात, भरपाई ठरते, ती बाईच्या घरच्या पुरुषांच्या हाती जाते. बाईला कुणी विचारतही नाही. माझं मत स्पष्ट आहे: मदतसंस्थांनी अशा बैठकांना अजिबात मान्यता देऊ नये. केनियात २००६ पासून लैंगिक गुन्ह्यांचा स्वतंत्र कायदा आहे, तो वापरा.

दत्ता_शि
कायदा आहे, पण तो वापरायचा कुणी? निर्वासितांना छावणीबाहेर जायला परवाना लागतो. जवळचं मोठं शहर गारिसा, तेही शंभरेक किलोमीटरवर. खटला उभा राहिला, तरी तारखांवर तारखा पडतात. तोवर बाई राहणार कुठे? आरोपीच्याच शेजारी, त्याच पाण्याच्या रांगेत. ज्येष्ठांना वगळलंत तर तिच्या पाठीशी उभं राहणारं कुणीच उरत नाही. केनियाच्या २०१० च्या संविधानातही पारंपरिक तडजोडीला उत्तेजन आहे.

रानजाई
कलम १५९ पूर्ण वाचा. मूलभूत हक्कांना बाधा येईल अशा रीतीने ती पद्धत वापरता येत नाही, हेही तिथेच लिहिलंय. आणि पाठीशी उभं राहणं म्हणता, ते कुणाच्या? बैठकीत वजन असतं ते कुळाचं. सोमाली बांटू किंवा दुसऱ्या दुबळ्या गटातल्या बाईच्या बाजूने तिथे बोलणारंच कुणी नसतं. आपल्याकडे जातपंचायतींनी वाळीत टाकण्याविरुद्ध २०१६ चा कायदा करावा लागला, तेव्हाही 'गावातलं गावात मिटू द्या' हेच ऐकवलं जात होतं.

सुनेत्रा म.
दोघंही निवाड्यावरच भांडताय. त्याआधीचे तीन दिवस कुणी मोजतच नाही! एचआयव्ही रोखणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, गर्भधारणा टाळण्याची गोळी पाच दिवसांत. बैठक बसेपर्यंत ही मुदत निघून जाते, आणि 'आधी पोलीस' म्हटलं तर भीतीने बाई दवाखान्यातच येत नाही. म्हणून उपचार आधी, तेही कुणाला कळू न देता. दुभाषी बाईच हवी, आणि शक्यतो तिच्या नात्यातली, कुळातली नको. तक्रार करायची की नाही, हे तिने नंतर ठरवावं. पैसा इथे लागतो, आणि २०२५ मध्ये अमेरिकेने मदत आटवल्यावर नेमकी अशा कामांना झळ बसलीय.

दत्ता_शि
उपचार आधी, हे शंभर टक्के मान्य. पण नुसत्या बाहेरून आणलेल्या उपायांवर माझा विश्वास नाही. १९९८ पासून दादाबमध्ये सरपण वाटलं गेलं. भरपूर लाकूड असायचं तेव्हा सरपणाच्या वाटेवरचे बलात्कार घटले, पण इतर ठिकाणचे वाढले, असं पुढच्या मूल्यमापनात दिसलं. हल्लेखोर होते तिथेच होते. त्यांना धाक बसवायला वस्तीतली माणसं लागतात, आणि वस्ती ज्येष्ठांचं ऐकते.

रानजाई
मग ज्येष्ठांनी आरोपीला पोलिसांच्या हवाली करावं, साक्षीदारांना धमकावणाऱ्यांना आवरावं. एवढं केलं तर त्यांचा मान मीही ठेवीन. भरपाईचा आकडा ठरवण्याचा हक्क त्यांना नाही.

सुनेत्रा म.
आणि तिला स्वतःलाच खटला नको असेल तर? मारणारा नवरा असेल, शिधापत्रिकेवर दोघांची नावं एकत्र असतील, तर तक्रार करण्याआधी तिला वेगळी शिधापत्रिका आणि मुलांसह राहायला सुरक्षित जागा लागते. रानजाई, तुमच्या मांडणीत याला जागा कुठे आहे, ते सांगा.