कंपाऊंड धनुष्याचा आवाज कमी करायचा आहे; सुरुवात कोठून करावी?

हुरॉनकाठ यांचा प्रश्न

नमस्कार. मी मिशिगनमध्ये राहतो आणि येथील रीतसर परवान्यावर पांढऱ्या शेपटीच्या हरणाची शिकार धनुष्याने करतो. येथे धनुष्यबाणाचा हंगाम १ ऑक्टोबरला सुरू होतो, त्यामुळे तयारीसाठी अजून काही आठवडे हाताशी आहेत. माझे कंपाऊंड, म्हणजे टोकांना चाके असलेले, धनुष्य ६० पौंड जोराने खेचावे लागणारे असून खेच साडेअठ्ठावीस इंचांची आहे. टोकासह बाणाचे वजन ३८० ग्रेन (सुमारे २५ ग्रॅम) भरते आणि वेगमापकावर सेकंदाला २६८ फूट वेग दिसतो. बाण सुटताना आधी ‘टण्’ असा धातूचा आवाज येतो आणि त्यामागून क्षणभर बारीक गुणगुण ऐकू येत राहते.

दुकानात दोरीसाठी, लिंबांसाठी (धनुष्याच्या वाकणाऱ्या भुजांसाठी), केबलसाठी आणि साइटसाठी (नेम धरण्याच्या साधनासाठी) निरनिराळे रबरी तुकडे मिळतात. ते सगळेच लावले तर धनुष्य जड होईल आणि वेगही घटेल, अशी शंका वाटते. वीस यार्डांवर, म्हणजे सुमारे १८ मीटरांवर, उभे असलेले हरीण दोरीचा आवाज ऐकून खाली दबते आणि बाण वरून निघून जातो, असे येथील जुने शिकारी सांगतात. तेव्हा आधी काय करावे आणि कोणत्या गोष्टींवर पैसे घालवू नयेत, हे अनुभवी सभासदांनी कृपया सांगावे.

दोरीचा पीळ यांचे उत्तर

रबरी तुकड्यांकडे वळण्यापूर्वी हा आवाज येतो कशातून, ते पाहू. ताणलेल्या लिंबांमध्ये साठलेली सगळी ऊर्जा बाणाला मिळत नाही. चांगल्या धनुष्यात साधारण ८० टक्क्यांच्या आसपास ऊर्जा बाण घेऊन जातो. उरलेली ऊर्जा लिंब, कॅम (टोकांची चाके), दोरी, केबल आणि राइजर (मधला पकडीचा भाग) यांच्यात अडकून राहते आणि थरथर व आवाज होऊन बाहेर पडते. बाण जितका हलका, तितका हा मागे राहिलेला वाटा मोठा. बाण न लावता दोरी सोडली तर सगळीच ऊर्जा धनुष्याला सोसावी लागते, आणि म्हणूनच तसे केल्यास लिंब तडकतात किंवा दोरी कॅमवरून उतरते.

म्हणून माझ्या मते पहिला खर्च बाणावर करावा. आपला बाण प्रत्येक पौंडामागे सुमारे ६.३ ग्रेन भरतो. तो ४५० ग्रेनपर्यंत नेला, तर हे प्रमाण साडेसातवर जाईल, वेग सेकंदाला २५० फुटांच्या आसपास उतरेल आणि धनुष्याचा सूर स्पष्टपणे खाली येईल. मात्र पुढच्या टोकाला नळीच्या, म्हणजे बाणाच्या दांड्याच्या, तोंडात बसणारा जड पितळी तुकडा (इन्सर्ट) घालून वजन वाढवले, तर बाण सुटताना जास्त वाकतो, म्हणजेच आहे तीच नळी मऊ असल्यासारखी वागू लागते. तेव्हा अधिक ताठ नळी घ्यावी लागेल. नळीवरचा ४०० किंवा ३४० हा आकडा वाकण्याचे माप आहे. २८ इंचांवर टेकवलेल्या नळीच्या मध्यावर १.९४ पौंडांचे वजन टांगले असता ती किती वाकते, ते इंचाच्या सहस्रांशांत त्यावर लिहिलेले असते, म्हणून लहान आकडा अधिक ताठ नळीचा. बाण बदलल्यावर कागदातून मारून तो सरळ जातो की नाही ते तपासावे आणि साइटच्या पिनाही (नेमाच्या खुणाही) नव्याने बसवाव्यात.

आपण वर्णन केलेला ‘टण्’ मात्र बाणाच्या वजनाचा नसावा, तो कुठल्यातरी सैल भागाचा वाटतो. धनुष्य न ताणता दोरी बोटाने हलकेच छेडावी आणि दुसऱ्या हाताने साइट, भाता, रेस्ट (बाणाचा टेकू), केबल गार्ड (केबल बाजूला ठेवणारी दांडी), स्टॅबिलायझर (तोल राखणारी दांडी) असे एकेक अंग दाबून धरावे. घंटेवर हात ठेवताच नाद जसा बसतो, तसा ज्या भागाला हात लागताच आवाज थांबेल, तो भाग दोषी. एवढ्याने सापडले नाही तर एकेक भाग काढून प्रत्यक्ष बाण मारून पाहावा. भात्यापासून सुरुवात करावी, कारण त्यात बाणांची पिसे एकमेकांना लागून फडफडतात आणि भात्याची खाचही झिजून सैल होते. सापडलेल्या स्क्रूला निळ्या रंगाचा थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) लावावा, लाल नको, कारण लाल लावलेला स्क्रू पुढे तापवल्याशिवाय सहसा निघत नाही. लिंबांच्या मुख्य बोल्टांना काहीही लावू नये.

ड्रॉप-अवे, म्हणजे बाण सुटताच खाली पडणारा, रेस्ट असेल तर त्याची फळी खाली पडून राइजरवर आपटते का, ते जरूर पाहावे. धातूचा ‘टण्’ पुष्कळदा तेथूनच येतो आणि जाड फेल्टची एक पट्टी चिकटवली की थांबतो. यासाठी महागडे काही घेण्याची आवश्यकता नाही.

सातारारोड यांचे उत्तर

मी लक्ष्यवेधाच्या बाजूचा आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे शिकारीचा प्रश्नच उद्भवत नाही, आणि आमच्या मैदानावर ५० मीटरांवरच्या कागदी लक्ष्याला कान नसतात. तरीही धनुष्याच्या आवाजाकडे आम्ही बारकाईने लक्ष देतो, कारण आवाज बदलला तर धनुष्यात काहीतरी बदलले आहे, असे समजावे लागते. साताऱ्यात सराव केलेल्या अदिती स्वामी आणि ओजस देवतळे यांनी २०२३ मध्ये बर्लिनला कंपाऊंडमध्ये वैयक्तिक जगज्जेतेपदे मिळवली, तेव्हापासून येथे कंपाऊंड घेणाऱ्या मुलांची संख्या डोळ्यांत भरण्याइतकी वाढली आहे, आणि नवीन मुलाला आवाज ऐकायला शिकवणे हा आता आमच्या कामाचाच भाग झाला आहे.

वरील उत्तरात राहिलेली एक बाब म्हणजे दोन्ही कॅमची जुळणी. दोरी आणि केबल वापराने किंचित लांबतात. मग वरचा कॅम आधी आणि खालचा नंतर थांबतो, नॉक (बाणाची दोरीत बसणारी खाच) सरळ रेषेत पुढे जात नाही आणि सुटताना दुहेरी ठोका ऐकू येतो. पूर्ण खेचून धरल्यावर दोन्ही कॅमचे थांबे एकाच वेळी टेकतात का, ते दुसऱ्या व्यक्तीने बाजूने पाहावे. जुळणी बिघडली असेल तर बो प्रेसशिवाय (लिंब दाबून दोरी सैल करणाऱ्या यंत्राशिवाय) केबलला हात लावू नये. ते काम दुकानदाराकडूनच करून घ्यावे.

नॉक दोरीवर किती घट्ट बसतो, हेही महत्त्वाचे आहे. फार घट्ट असेल तर सुटताना चटका बसल्यासारखा आवाज होतो. फार सैल असेल तर तो दोरीवरून आधीच निसटण्याची भीती असते, आणि ते बाणाशिवाय दोरी सोडण्याइतकेच घातक आहे. बाण दोरीवर लावून खाली लोंबता सोडावा. तो स्वतःहून पडू नये, पण दोरीला टिचकी मारताच सुटावा.

आणि आवाज जर एकाएकी बदलला असेल, तर आधी लिंब तपासावेत. कापसाचा बोळा लिंबाच्या कडांवरून फिरवला की डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक भेगेतही कापसाचे तंतू अडकतात. असे तंतू अडकले तर ते धनुष्य पुन्हा खेचू नये.

ओकवनातला यांचे उत्तर

मी शेजारच्या विस्कॉन्सिनमध्ये शिकार करतो. वरच्या दोन्ही उत्तरांशी सहमत आहे, परंतु मूळ प्रश्नातील अपेक्षेबद्दल मला वेगळे म्हणायचे आहे. बाण आवाजाला हरवू शकत नाही, हे आधी मान्य करावे लागेल. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे वीस यार्डांवर दोरीचा आवाज ०.०५ सेकंदात पोहोचतो. आपला बाण २६८ फुटांच्या वेगाने तेथे जाण्यास ०.२२ सेकंद घेतो, म्हणून हरणाला ०.१७ सेकंद मिळतात. जड बाण वापरल्यास त्यात जेमतेम दोन शतांश सेकंदांची भर पडते, त्यामुळे वेग घटण्याची चिंता वीस यार्डांपर्यंत तरी करू नये. तीस यार्डांवर मात्र हाच अवकाश पाव सेकंदाच्या वर जातो. हरीण पळण्यासाठी आधी पाय दुमडून अंग खाली सोडते, आणि मोकळे पडणारे शरीर दशांश सेकंदात सुमारे पाच सेंटिमीटर, पण दोन दशांश सेकंदांत वीस सेंटिमीटर खाली येते. वेळ दुप्पट झाली की पडण्याचे अंतर चौपट होते, म्हणून दहा यार्डांनी जवळ जाणे हे कोणत्याही रबरापेक्षा अधिक उपयोगाचे ठरते.

दुसरे असे की, आवाज किती मोठा आहे यापेक्षा तो कोणत्या पट्टीचा आहे, याला मी जास्त महत्त्व देतो. पांढऱ्या शेपटीच्या हरणांच्या ऐकण्याच्या चाचण्या झाल्या आहेत. त्यांना किमान ३० किलोहर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात आणि कान सर्वांत तीक्ष्ण ४ ते ८ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात असतात. त्यामुळे जाडसर ‘धप्’ शिल्लक राहिला तरी चालेल, धातूचा बारीक ‘टण्’ आधी गेला पाहिजे. मोबाइलवरील डेसिबलच्या आकड्यांवर विसंबू नये, कारण क्षणभराचा मोठा आवाज मोबाइल स्वतःच दाबून नोंदवतो. आवाज मुद्रित करायचाच असेल तर मोबाइल लक्ष्याच्या बाजूला जाड झाडाच्या बुंध्याआड ठेवावा आणि आधीच्या व नंतरच्या मुद्रणांतला सूर ताडून पाहावा. बाणाची स्वतःची सळसळही त्यात सापडते. बाणाच्या टोकाची छिद्रे असलेली काही पाती हवेत चक्क शीळ घालतात. माणसाला मात्र लक्ष्याजवळ मुळीच उभे करू नये.

आणि शेवटी, माझ्या पाहण्यातली बहुतेक हरणे बाण सुटण्यापूर्वीच्या आवाजाने गेली आहेत. रेस्टच्या उघड्या धातूवर घासत येणारा बाण, कोरड्या केबल स्लाइडची (केबल गार्डच्या दांडीवर सरकणाऱ्या तुकड्याची) किरकिर, रिलीज (दोरी सोडण्याचे हातातले साधन) दोरीच्या फासावर चढवतानाचा खटका, बाहीवरचा वेल्क्रो, मचाणाच्या फळीची करकर, या सर्वांसमोर सुटतानाचा आवाज दुय्यम आहे. रेस्टला फेल्ट लावावे, स्लाइडची दांडी पुसून ग्राफाइटची पूड लावावी, पण दोरीला तेल लागू देऊ नये, तिला मेणच हवे. हरीण मान वर करून कान रोखून उभे असेल, तर धनुष्य कितीही शांत असले तरी बाण सोडू नये. मान खाली घालून चरू लागेपर्यंत थांबावे. चालत्या हरणाला थांबवण्यासाठी तोंडाने आवाज काढण्याची पद्धत मला म्हणूनच पटत नाही, कारण त्याने ते सावध होते आणि आपण नेमके त्याच क्षणी दोरी सोडतो.

हुरॉनकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सुचवल्याप्रमाणे दोरी छेडून पाहिली. रेस्टची फळी खरोखरच राइजरवर आपटत होती. फेल्ट लावल्यावर ‘टण्’ गेला. साइटचा एक स्क्रूही सैल निघाला. जड बाण मागवले आहेत. गुणगुण मात्र अजून थोडी शिल्लक आहे आणि ती दोरीचीच आहे असे दिसते. तिच्यासाठी रबर घ्यावे की लोकरीचे गोंडे? माझ्या धनुष्याला दोरी अडवणारा रबरी थांबा आहे, त्याचे अंतर किती असावे?

दोरीचा पीळ

आधी थांबा पाहावा, कारण तो फुकट आहे. शांत अवस्थेत दोरी आणि रबर यांच्यामध्ये बँकेच्या कार्डाच्या जाडीइतकी फट पुरेशी असते. फट जास्त असेल तर दोरी पुढे जाऊन आपटते, आणि रबर दोरीला दाबून धरत असेल तर बाणाच्या मार्गावर परिणाम होऊ शकतो. रबराला खोल खाच पडली असेल तर ते बदलावे.

तरीही गुणगुण राहिली तर दोरीवर, दोन्ही कॅमपासून दोरीच्या साधारण एक चतुर्थांश लांबीवर, एकेक शांतक (रबराचा किंवा लोकरीचा गोंडा) लावावा. कॅमच्या फार जवळ लावला तर तो खोबणीत ओढला जातो. लोकर आणि बीव्हरचे केस वजनाला हलके असतात आणि आवाजही छान शोषतात, परंतु मिशिगनच्या ऑक्टोबरमधील पावसात लोकर पाणी धरून जड होते. आपण भर पावसातही बसत असाल तर रबर घ्यावे. सेकंदाला काही फुटांचा वेग दोन्हींत जातो. शांतक ओवताना दोरीचे धागे मोजून बरोबर निम्मे निम्मे वेगळे करावेत, अन्यथा पूर्ण खेचल्यावर पीप (दोरीतले नेम धरण्याचे छिद्र) डोळ्यासमोर तिरका येतो. हे कामही प्रेसवर दोरी सैल करूनच व्हावे. जड बाण आल्यानंतर, पिना बसवण्यापूर्वी शांतक लावून घेतले, तर तेच काम दोनदा करावे लागणार नाही.