सहा पायांच्या यंत्राला ‘यंत्रमानव’ म्हणावे का?

रेघोटी :
अनुवादित विज्ञानकथांच्या एका संग्रहावर अभिप्राय लिहायला बसले आणि एका शब्दापाशी अडले. एका कथेत जहाजाच्या तळाचा गंज खरवडणारे, सहा पायांचे, बिनतोंडाचे यंत्र आहे आणि अनुवादकाने त्याला सरसकट ‘यंत्रमानव’ म्हटले आहे. ‘यंत्रमानव सहाही पाय पोटाशी घेऊन फटीत शिरला’ या वाक्याशी डोळ्यांपुढचे चित्रच मोडले. पुढच्या कथेत दुसऱ्या अनुवादकाने ‘रोबो’ वापरला आहे. मी कोणता शब्द लिहावा?

वेलांटी :
‘यंत्रमानव’च लिहा. तो आपल्या भाषेत घडलेला, ऐकताक्षणी कळणारा शब्द आहे. ‘रोबो’ तर शेवटचा ‘ट’ गाळलेला उसना उच्चार. घटकांचा अर्थ इतका काटेकोर धरायचा तर ‘तेल’ फक्त तिळाचेच म्हणावे लागेल.

रेघोटी :
‘तेला’तला तीळ आज कोणाच्या नजरेस येत नाही, ‘यंत्रमानवा’तला मानव मात्र लख्ख दिसतो. माझी अडचण तीच आहे.

पडताळा :
मूळ शब्दाची कथा इथे उपयोगी पडेल. कारेल चापेक यांच्या १९२० सालच्या चेक नाटकातून तो जगभर गेला, आणि तो सुचवला त्यांचे चित्रकार बंधू योसेफ यांनी. ‘रोबोता’ म्हणजे वेठ. विशेष म्हणजे त्या नाटकातले रोबो धातूचे नाहीतच; कृत्रिम जीवद्रव्यापासून घडवलेले, माणसासारखेच देह आहेत. म्हणजे तिथे ‘मानव’ शोभतो आणि ‘यंत्र’ खटकते, तर आपल्या कथेत नेमके उलट.

जुनी वही :
‘रोबोता’ म्हणजे आपले ‘राबणे’च! दोन्ही शब्द एकाच मुळाचे असावेत, असे मला कित्येक वर्षे वाटत आले आहे.

पडताळा :
ध्वनिसाम्य हा पुरावा नव्हे. भाषाशास्त्रज्ञ ‘रोबोता’चे नाते संस्कृत ‘अर्भ’शी, म्हणजे आपल्या ‘अर्भका’शी जोडतात. पोरके मूल, मग दुसऱ्याच्या दारी राबणारा, मग गुलाम, असा तो अर्थाचा प्रवास आहे. आपली ‘वेठ’ मात्र संस्कृत ‘विष्टि’पासून आली आहे.

वेलांटी :
मग ‘वेठबिगार’ म्हणावे काय? त्यातला ‘बिगार’ही फारसीच आहे.

जुनी वही :
‘वेठी’त नुसती सक्ती नाही. मन न लावता उरकलेल्या कामाला माझी आजी ‘वेठीचे काम’ म्हणत असे, आणि यंत्राचे काम तसे कधीच नसते. ते दहा हजाराव्या वेळीही पहिल्या वेळेइतकेच नेटके होते. म्हणून यंत्रासाठी हा शब्द मला पटत नाही.

पडताळा :
आमच्या घरी ‘वेठीचे काम’ म्हणजे बिनमोबदल्याचे, नाही म्हणता न येणारे काम, एवढाच अर्थ होता. आपल्या आजींचा अर्थ आणखी कोणी ऐकला आहे का?