मदत हवी आहे: आजोबांच्या नौदल पदकावरून जहाजाचं नाव शोधायचंय

नमस्कार मंडळी,

आजोबांचं पदक थोरल्या काकांनी नुकतंच माझ्या हवाली केलं. दुसऱ्या महायुद्धात आजोबा रॉयल इंडियन नेव्हीत (आर.आय.एन.) स्टोकर, म्हणजे जहाजाच्या बॉयलरवर काम करणारे खलाशी होते.

पदक सहा टोकांचं आहे, काळपट तपकिरी पडलंय. मधोमध मुकुट आणि सहाव्या जॉर्जची राजमुद्रा, भोवती 'द बर्मा स्टार' अशी इंग्रजी अक्षरं. रिबिनीत मधे रुंद लाल पट्टा, दोन्ही अंगांना गडद निळा आणि त्या निळ्यात नारिंगी रेघ. कडीपाशी रिबीन पार विरलीय. पाठीमागे बारीक ठशांत नंबर, नाव, हुद्दा, आर.आय.एन. ब्रिटिश खलाशांना हे स्टार बिननावाचेच मिळाले, भारतीयांच्या स्टारवर मात्र नावं घातलेली असत. त्यामुळे पदक आजोबांचंच, यात शंका नाही.

जहाजाचं नाव मात्र कुठेच नाही. आजोबा युद्धाबद्दल फारसं बोलत नसत. काकांना त्यांच्या तोंडचा 'अराकान' (ब्रह्मदेशाचा किनारी प्रदेश) एवढा एकच शब्द आठवतो. जानेवारी १९४५ मध्ये अराकानच्या किनाऱ्यावर सैन्य उतरवलं, तेव्हा 'जमना' आणि 'नर्बदा' या आपल्या युद्धनौका तिथे तोफा डागत होत्या. पण लहान मोटार लाँचही पुष्कळ होत्या, त्यामुळे नुसत्या अंदाजावर नाव ठरवायला मन धजत नाही. आजोबा बॉयलरच्या धगीत उभे राहिले ते नेमकं कोणत्या जहाजावर, हे मुलांना खात्रीने सांगता यावं, एवढीच इच्छा आहे.

खलाशांच्या नोंदी मानखुर्दच्या कमोडोर ब्युरो ऑफ सेलर्सकडे असतात. तिथून १९४७ च्या आधीच्या खलाशाचा सेवातपशील कोणी मिळवलाय का? अर्जाला वारस असल्याचा काय पुरावा जोडला? नंबर आहे, पण डिस्चार्जचा कागद घरात सापडत नाही.

बर्मा स्टारच्या आधी सहसा '१९३९-४५ स्टार' मिळालेला असे. तो घरात नाही. कोणत्या पदकांना ते पात्र होते, हेही त्याच नोंदीत कळेल का?

आणखी एक. घरचे ब्रासोने घासून लखलखीत करू म्हणताहेत. मी ठाम नको म्हटलंय, कारण घासून घासून मागचं नाव झिजेल. पण हाताळताना, ठेवताना काय काळजी घ्यावी? जुनी रिबीन तशीच जपून नवी लावावी की तिलाच मागून कापडाचा आधार द्यावा? ज्यांनी हे स्वतः केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.