‘कॉन्ट्रास्ट’ला विरोध म्हणावे, तफावत की उठाव?

शाईदौत (मूळ प्रश्न):
एखादी वस्तू हलते आहे हे आपल्या डोळ्यांना आणि मेंदूला कसे कळते, याची जी गणिती प्रतिमाने गेल्या सत्तर वर्षांत मांडली गेली, त्यांवरच्या एका लेखाचे मी मराठी भाषांतर करीत आहे. एकाच चालीने सरकणाऱ्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा कॉन्ट्रास्ट कमी केला, तर तेच पट्टे अधिक सावकाश सरकताना दिसतात, असे एक वाक्य त्यात आहे. पीटर थॉम्पसन यांनी १९८२ मध्ये हा परिणाम मोजून दाखवला होता. मी पहिल्या खर्ड्यात ‘विरोध कमी होताच गतीचा वेग मंदावल्याचा भास होतो’ असे लिहिले. वडिलांनी ते वाचून विचारले, ‘विरोध कमी झाला तर गती वाढायला हवी, मंदावेल कशी?’ त्यांच्या डोळ्यांसमोर घर्षण होते आणि त्यांचे काही चुकले असे मला वाटत नाही.
माझे दोन प्रश्न आहेत. कॉन्ट्रास्टला काय म्हणावे? आणि शाळेच्या पुस्तकात गती, चाल आणि वेग हे तीन वेगळे शब्द असताना ‘गतीचा वेग’ ही चूक कशी सुधारावी? ‘चाल मंद दिसते’ असे लिहिले, तर वाचकाला माणसाची चालण्याची ढब आठवते.

छापखाना:
मी तीस वर्षे छपाईच्या धंद्यात आहे. फोटो सपाट छापला गेला की आमच्याकडे ‘याला उठाव नाही’ असेच म्हणतात, आणि शिकाऊ पोरालाही ते पहिल्याच दिवशी समजते. शेणाने सारवलेल्या अंगणात पांढरी रांगोळी उठून दिसते, तीच पांढऱ्या फरशीवर घातली तर दिसेनाशी होते. जो शब्द घराघरांत वापरात आहे, तो सोडून विरोधाच्या मागे का लागावे?

पाटीपेन्सिल:
उठाव हा पाहणाऱ्याचा अनुभव आहे, तर कॉन्ट्रास्ट ही मोजता येणारी राशी आहे, आणि या दोहोंची गल्लत झाली तर मूळ लेखातला मुद्दाच हरवेल. मायकेलसन यांच्या सूत्राप्रमाणे सर्वांत उजळ आणि सर्वांत गडद भागांच्या तेजातील फरकाला त्यांच्या बेरजेने भागतात. उजळ पट्टा ६० एकके आणि गडद पट्टा ४० एकके असेल, तर २० भागिले १००, म्हणजे कॉन्ट्रास्ट २० टक्के झाला. दिवा दसपट प्रखर केला आणि तेच आकडे ६०० आणि ४०० झाले, तरी उत्तर २० टक्केच राहते. या गुणोत्तरासाठी मी वर्गात ‘दीप्तिभेद’ वापरतो. शिवाय १८५७चा उठाव, बाजारात मालाला असलेला उठाव आणि उठावशिल्प, इतकी ओझी त्या बिचाऱ्या शब्दावर आधीच आहेत.

छापखाना:
‘मालाला उठाव नाही’ आणि ‘फोटोला उठाव नाही’ यांत आजवर कोणाचा गोंधळ झाल्याचे मी पाहिलेले नाही. दीप्तिभेद हा शब्द परीक्षेच्या कागदाबाहेर कोणाच्या तोंडी येतो, ते कृपया सांगावे.

निरुक्त:
लॅटिनमध्ये ‘कोन्त्रा’ म्हणजे समोर किंवा विरुद्ध, आणि ‘स्तारे’ म्हणजे उभे राहणे. समोरासमोर उभे ठाकणे हा कॉन्ट्रास्टचा मूळ अर्थ आहे. आपला ‘उठणे’ हा धातू संस्कृतातील ‘उत्’ अधिक ‘स्था’ यावरून आला, आणि ‘स्था’ व ‘स्तारे’ ही एकाच मूळ धातूची रूपे आहेत. ‘विरोध’ मात्र ‘रुध्’ म्हणजे अडवणे यावरून आलेला आहे. शाईदौत यांच्या वडिलांना घर्षण आठवले ते याच धातूमुळे. व्युत्पत्तीच्या बाजूने पाहिले तर छापखान्यातला शब्दच मुळाशी जवळचा ठरतो.

तिन्हीसांज:
मी नेत्रतपासणीचे काम करते. नेहमीच्या तक्त्यावर अक्षरे ओळीगणिक लहान होत जातात, पण १९८८ मध्ये आलेल्या पेली-रॉबसन तक्त्यावर सर्व अक्षरे एकाच मापाची असतात आणि खाली जाताना फक्त फिकी होत जातात. माझ्या आईला मोतीबिंदू होता तेव्हा ती वर्तमानपत्राचे मथळे चष्म्याशिवाय वाचत असे, तरी संध्याकाळी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर तिचा पाय चुकत असे, कारण करड्या पायरीची कड करड्या फरशीत मिसळून जाई. पायरी आणि फरशी यांच्यातील दीप्तिभेद तिच्यासाठी आणि माझ्यासाठी एकच होता. मला मात्र त्यात उठाव दिसत होता, तिला दिसत नव्हता. म्हणून मला दोन्ही शब्द हवे आहेत. कॅम्पबेल आणि रॉबसन यांनी १९६८ मध्ये मोजले ते या दोहोंमधले नातेच होते: किती बारीक पट्ट्यांसाठी किती दीप्तिभेद असला की डोळ्याला पट्टे दिसू लागतात. फार बारीक आणि फार रुंद पट्ट्यांना तो जास्त लागतो, मधल्यांना कमी पुरतो.

पाटीपेन्सिल:
ही वाटणी मला मान्य आहे, पण पुढे एक खरी अडचण येते. हासेनश्टाइन आणि राइशार्ट यांनी १९५६ मध्ये जे प्रतिमान मांडले, ते एका भुंगेऱ्यावरच्या प्रयोगांतून आले. भुंगेरा पाठीकडून पक्का धरून त्याच्या पायांत गवताच्या काड्यांचा हलका गोल द्यायचा, भोवती पट्टे फिरवायचे, आणि काड्यांच्या प्रत्येक फाट्यावर तो कोणत्या बाजूला वळू पाहतो हे नोंदवायचे. त्यावरून त्यांनी असे मांडले की, शेजारच्या दोन बिंदूंपैकी एकाचा संदेश थोडा उशिरा पोहोचवला जातो आणि तो दुसऱ्याच्या ताज्या संदेशाशी गुणला जातो. उलट दिशेसाठी अशीच आरशातली जोडणी असते, आणि दोन्ही गुणाकारांची वजाबाकी गतीची दिशा सांगते. गुणाकार आला म्हणजे चिन्ह आले. उजळ म्हणजे धन आणि गडद म्हणजे ऋण धरले, आणि ठिपका एक पाऊल सरकताना पांढऱ्याचा काळा झाला, तर धन आणि ऋण यांचा गुणाकार ऋण येतो, आणि प्रतिमान उलटी दिशा सांगते. स्टुअर्ट अ‍ॅन्स्टिस यांनी १९७० मध्ये दाखवले की माणसालाही तेव्हा खरोखरच उलटी गती दिसते. आता मला सांगा, ऋण उठाव असे म्हणता येईल का? आणि ‘तफावत’ तरी ऋण कशी असेल?

घाटमाथा:
शब्द कोणताही ठरवा, पण मूळ वाक्यावरच माझा आक्षेप आहे. कोल्हापूरहून आंबोली घाटाने मी पावसाळ्यात अनेकदा खाली उतरलो आहे. दाट धुक्यात काटा तीसवर असतानाही गाडी पळत असल्यासारखी वाटते आणि पाय आपोआप ब्रेककडे जातो. उठाव कमी झाला की चाल कमी दिसते, हे या अनुभवाला धरून नाही.

पाटीपेन्सिल:
यावर संशोधकांतही मतभेद झालेला आहे. स्नोडेन आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये कृत्रिम धुक्यात गाडी चालवायला लावली तेव्हा लोकांना चाल कमी वाटली आणि त्यांनी गाडी जास्त जोरात हाकली. पण तिथे दृश्य सगळीकडे सारखेच फिके केलेले होते. खरे धुके जवळचा रस्ता स्वच्छ ठेवते आणि लांबचे पुसून टाकते. प्रेटो आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये तसे धुके वापरले, तेव्हा चाल जास्त वाटली आणि चालकांनी ती कमी केली. घाटमाथा यांचा पाय याच कारणाने ब्रेककडे जात असावा. थॉम्पसन यांचा निष्कर्ष सगळीकडे सारख्या फिक्या केलेल्या पट्ट्यांपुरता आहे, हे भाषांतरात स्पष्ट यायला हवे.

शाईदौत:
तूर्त मी ‘पट्ट्यांचा दीप्तिभेद कमी केला, म्हणजे त्यांचा उठाव घटला, तर ते सावकाश सरकताना दिसतात’ असे लिहिले आहे. त्यात चाल, वेग आणि गती हे तिन्ही शब्द मी टाळले आहेत, पण पुढच्या परिच्छेदात ते टाळता येणार नाहीत.

छापखाना:
ऋण उठावाचा प्रश्न अजून तसाच राहिला आहे. काळ्यावर पांढरी अक्षरे छापायची असली की आम्ही ‘रिव्हर्स’ म्हणतो, आणि साडीवाला ‘हिरव्या जमिनीवर लाल बुट्टे’ म्हणतो. जमीन हा शब्द इथे कामाचा आहे. ठिपका जमिनीहून उजळ की जमिनीहून गडद, एवढे सांगितले तर चिन्ह त्यातच येते.

पाटीपेन्सिल:
पट्टे सारख्याच रुंदीचे असतील, तर त्यांतली जमीन कोणती?