लॉर्ड्समधले २६ बिशप: ठेवायचे की काढायचे?

थेम्सकाठचा:
ब्रिटनच्या संसदेचं वरिष्ठ सभागृह म्हणजे हाउस ऑफ लॉर्ड्स. तिथे इंग्लंडचं अधिकृत प्रोटेस्टंट चर्च असलेल्या चर्च ऑफ इंग्लंडच्या २६ बिशपांना पदसिद्ध जागा आहेत. कँटरबरी, यॉर्क, लंडन, डरहम आणि विंचेस्टर हे पाच कायमचे, उरलेले बहुतांशी ज्येष्ठतेने. ते कायद्यांवर मत देतात आणि कामकाज सुरू होतं तेही त्यांच्याच प्रार्थनेनं. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समध्ये ख्रिस्ती निघाले ४६.२ टक्के, पहिल्यांदाच निम्म्याहून कमी. ‘धर्म नाही’ म्हणणारे ३७.२ टक्के. वेल्समधलं चर्च १९२० सालीच सरकारपासून सुटलं, स्कॉटलंडच्या चर्चमध्ये तर बिशप हे पदच नाही. तरी स्कॉटलंडला लागू होणाऱ्या कायद्यांवर मत देणार इंग्लंडचे बिशप! राज्याभिषेक खुशाल चर्चमध्ये करा, तो सोहळा आहे. कायदे करणं हा सोहळा नव्हे. या जागा रद्द व्हाव्यात.

हॅरोकर काकू:
कुणाला त्रास होतोय त्यांचा? मे २०२३ मध्ये चार्ल्स राजाच्या राज्याभिषेकात तेव्हाचे पंतप्रधान ऋषी सुनक यांनी बायबलमधला उतारा वाचला. तोच माणूस खासदारकीची शपथ गीतेवर घेतो. ना गोऱ्यांच्या पोटात दुखलं, ना आपल्या. आमच्या लंडनमधल्या हॅरोत २००८ साली कृष्ण-अवंती ही हिंदू शाळा सरकारी पैशावर सुरू झाली, ती चर्चच्या शाळांना आधीपासून पैसे मिळत होते म्हणूनच. सरकारदरबारी एका धर्माला मान असला की बाकीच्यांनाही दार ठोठावता येतं. ते दारच काढून टाकलंत तर आपण कुठे जायचं?

शंकेखोर:
काकू, फ्रान्सनं १९०५ मध्ये चर्च आणि सरकार वेगळं केलं. तरी १९५९ च्या कायद्यापासून सरकारशी करार केलेल्या कॅथलिक शाळांतल्या शिक्षकांचे पगार सरकारच देतं. म्हणजे शाळांसाठी संसदेत बिशप लागत नाहीत.
आणि शाळांचा विषय काढलाच आहेत तर सांगतो. चर्चच्या चांगल्या शाळेत प्रवेश मिळावा म्हणून दर रविवारी चर्चला जाऊन हजेरीवर व्हिकरची, म्हणजे तिथल्या धर्मगुरूची, सही आणणारी आपली मंडळी मी पाहिली आहेत. प्रवेश झाला की पुढच्या रविवारी कुणी दिसत नाही. यात ना येशूचा मान राहतो, ना गणपतीचा.

सदाशिवपेठी:
ख्रिस्ती देश आहे तो. पाहुण्यांनी घरमालकाच्या देव्हाऱ्याची उठाठेव करू नये.

थेम्सकाठचा:
@सदाशिवपेठी, पाहुणे कर भरत नाहीत, आम्ही भरतो. इथे रीतसर राहणाऱ्याला भारतीय पासपोर्टवरही संसदेच्या निवडणुकीत मत देता येतं. मग बोलायचं का नाही?

वसईकर, मुक्काम स्लाव:
मी कॅथलिक. तुम्ही सगळे ‘ख्रिस्ती’ म्हणून जे एक गाठोडं बांधताय त्यात मी बसत नाही. त्या २६ जणांत आमचा एकही नाही, आणि हवाही नाही. आमच्या धर्मगुरूंना सत्तेचं पद घ्यायला चर्चच्याच कायद्यानं मनाई आहे. १७०१ च्या कायद्यामुळे आजही ब्रिटनच्या राजगादीवर कॅथलिक बसू शकत नाही. कॅथलिकाशी लग्न करून गादी राखण्याची मुभासुद्धा २०१३ च्या कायद्यानं मिळाली.
आणि सदाशिवपेठी, घरमालक-पाहुणे हा हिशेब जपून मांडा. वसईत आमच्या कैक पिढ्या गेल्या, तरी हे वाक्य आम्हाला मराठीतूनच ऐकवलं जातं.

हॅरोकर काकू:
वसईकर, पटलं. पण एप्रिल २०२२ मध्ये निर्वासितांना आफ्रिकेतल्या रवांडाला पाठवायचं धोरण आलं तेव्हा जूनमध्ये याच बिशपांनी पत्र काढून ते अनैतिक म्हटलं. निवडून आलेले किती जण बोलले?

शंकेखोर:
पत्र लिहायला लॉर्ड्समध्ये जागा कशाला हवी? पोस्टाचं तिकीट पुरतं.

हॅरोकर काकू:
मग बिशप कमी करा आणि बाकीच्या धर्मांचे घ्या. लॉर्ड्सच्या सुधारणेसाठी नेमलेल्या वेकहॅम आयोगानं २००० साली हेच सुचवलं होतं: चर्च ऑफ इंग्लंडला १६, इतर ख्रिस्ती पंथांना १०, शिवाय बिगरख्रिस्ती धर्मांचे किमान ५ जण.

थेम्सकाठचा:
त्यातला हिंदू कोण? स्वामीनारायणवाले म्हणतील आमचा, इस्कॉनवाले म्हणतील आमचा. आणि माझ्यासारख्या कधीच देवळात न जाणाऱ्याच्या वतीनं कोण बोलणार?

हॅरोकर काकू:
तुझ्या वतीनं तुझा खासदार बोलेल. त्याला तरी कधी पत्र लिहिलंयस का?