पाच मिनिटांचं काम, चार ओळींचं बिल

शंकेखोर : मानेवरची चामखीळ कॉलरला घासायची म्हणून दाखवायला गेलो. डॉक्टर म्हणाले, "आत्ताच काढून टाकू, पाच मिनिटांचं काम." टोचलं, काढलं, पट्टी लावली. बिलात मात्र चार ओळी : तपासणी, शस्त्रक्रिया, भूल, साहित्य. वर तीन आठवड्यांनी एका लॅबचं वेगळं बिल, जिचं नावही मी ऐकलं नव्हतं. विमा कंपनी म्हणते, हा सौंदर्योपचार, पैसे मिळणार नाहीत. सुई टोचायच्या आधी आकडा सांगायला नको? न सांगितलेला खर्च मी का भरू?

पांढरा कोट : पाच मिनिटं तुम्हाला दिसली. ती चिमटा-कात्री आधी ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेने जंतू मारणाऱ्या यंत्रात, १२१ अंशांवर किमान १५ मिनिटं असते, ते कोण मोजणार? काढलेला तुकडा फॉर्मॅलिनमध्ये (तो कुजू न देणाऱ्या द्रावणात) घालून तपासायला पाठवणं ही चैन नाही. मेलानोमा, म्हणजे त्वचेचा कर्करोग, सुरुवातीला साध्या तिळासारखा दिसू शकतो. सूक्ष्मदर्शकाखाली बघणारा पॅथॉलॉजिस्ट वेगळा, म्हणून त्याचं बिल वेगळं. आणि तुमची पॉलिसी मी पाठ करायची का?

शंकेखोर : थांबा. शंका होती म्हणून तपासायला पाठवलं ना? मग तो सौंदर्योपचार कसा? कागदावर काय लिहिता तुम्ही लोक?

हिशेबनीस : इथेच तर पाणी मुरतं. काही वर्षं विम्याचे दावे तपासलेत. नोंदीत नुसतं 'चामखीळ काढली' असलं की दावा बाद. घासून रक्त येत होतं, रंग बदलला होता, हे लिहिलेलं असेल तर फेरविचाराला जागा असते. (खरं असेल तरच हं, बनवून नको.) आणि ती भुलीची ओळ मला खटकतेय. जागेवरची भूल बऱ्याचदा प्रक्रियेच्या शुल्कातच धरलेली असते. ओळीओळीचं तपशीलवार बिल मागा.

उंटावरून : फ्रीज दुरुस्त करणाऱ्याला आपण आधी "किती घेणार?" विचारतो. डॉक्टरांपुढेच दातखिळी का बसते? विचारलं नाहीत, चूक तुमची.

निमूट : अहो, शर्ट काढून टेबलावर पालथं पडलेलं, मानेमागे हातमोज्यांचा चटचट आवाज, आणि त्या अवस्थेत घासाघीस करायची? फ्रीजला कोणी मान वाकवून झोपवत नाही.

पांढरा कोट : आमच्याकडे दरपत्रक भिंतीवर आहे. कोणी वाचत नाही.

निमूट : दाराच्या मागच्या भिंतीवर ना? दार उघडं असलं की दिसत नाही ते.

पांढरा कोट : ... दाराच्या मागेच आहे. हलवतो. पण लॅब किती लावणार हे मलाही दर वेळी ठाऊक नसतं, त्याचं काय करू?

उंटावरून : एवढंच तोंडाने सांगा की, "लॅबचं वेगळं येईल."

शंकेखोर : आज फोन केला. तपशील मागताच भुलीची ओळ "चुकून लागली" निघाली. लॅबचं हप्त्यांनी भरतोय, विम्याकडे फेरविचाराचा अर्ज टाकलाय. रिपोर्ट साधा आहे. माझं मत मात्र तेच.